नेमाचें वाचन

महाराष्ट्रांत ग्रंथवाचनाचा नेम कांहीं नवा नाहीं. चातुर्मासांत श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ लावावा, गुरुचरित्राचा सप्ताह करावा, ज्ञानेश्वरीचें पारायण बसवावें, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. या नेमास श्रद्धेचा आधार तर असतोच. परंतु पाट मांडलेला असतो, समई लावलेली असते, ऐकणारीं माणसें येऊन बसलेलीं असतात, म्हणून आळसास फारसा वाव राहत नाहीं.

बायबल मराठींत आलें तें निराळ्या वाटेनें. विल्यम केरी यांनीं बंगालमधील श्रीरामपूर येथें नवा करार मराठींत छापला तो १८११ सालीं. नागपुरांत स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं आले आणि पुढच्याच वर्षीं त्यांची शाळा सुरू झाली. मिशनच्या शाळांतून बायबलचा तास ठरलेला असे. घंटा झाली कीं पुस्तक उघडावयाचें, पुन्हा घंटा झाली कीं मिटावयाचें. अशा वाचनानें ग्रंथाची ओळख होते; गोडी लागतेच असें नाहीं. ज्यानें वर्गावर चार वर्षें काढलीं आहेत त्यास हें निराळें सांगावयास नको.

गोडी कशी लागली याचें एक उदाहरण नागपूरच्याच आगगाडींत घडलें. नारायण वामन टिळक हे त्या काळीं नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें संस्कृत ग्रंथांचें काम करून राहिले होते. पुढें १८९३ च्या सुमारास ते राजनांदगांवास निघाले. डब्यांत एक युरोपियन गृहस्थ होते. त्यांनीं आदरानें जागा करून दिली. गोष्टी निघाल्या त्या संस्कृत काव्याच्या, आणि बोलतां बोलतां विषय धर्मावर गेला. उतरण्यापूर्वीं त्या गृहस्थांनीं बायबलची एक प्रत टिळकांच्या हातीं दिली, ती अभ्यासपूर्वक वाचण्याचा आग्रह केला, आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीतही केलें. नांवगांव कोणीं कोणास विचारलें नाहीं.

पुस्तकाचें रूप पाहून टिळकांचें मन मुळींच रमलें नव्हतें. तरीपण वाचीन असें ते कबूल करून बसले होते. अनोळखी माणसास दिलेला शब्द मोडण्यास काय लागतें? विचारणारा पुन्हा भेटणार नाहीं, साक्षीदार कोणी नाहीं. कित्येक उत्तम पुस्तकें अशाच कबुलीनंतर फळीवर पडून राहतात. टिळकांनीं शब्द पाळला. वाचतांना महत्त्वाच्या वाक्यांवर पेन्सिलीनें खूण करीत जाण्याची त्यांची संवय होती, आणि याही पुस्तकास त्यांनीं तीच रीत लावली. ही गोष्ट दिसते क्षुल्लक. परंतु हातांत पेन्सिल असली म्हणजे डोळे ओळींवरून नुसते घसरत नाहींत, प्रत्येक वाक्यापाशीं हो किंवा नाहीं म्हणावें लागतें. पर्वतावरील प्रवचन येईपर्यंत हा क्रम चालला. तेथें ते थांबले. मत्तयाच्या त्या तीन अध्यायांत त्यांस आपल्या जुन्या तात्त्विक शंकांचीं उत्तरें दिसूं लागलीं, आणि मग शेवटच्या पानापर्यंत वाचण्यास दुसऱ्या कोणाच्या आग्रहाची जरूर उरली नाहीं. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

या वाचनाची किंमत घरानें मोजली. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळलें. लहान मुलास घेऊन त्यांस नातलगांच्या आश्रयानें राहावें लागलें, आणि पतिपत्नींची ताटातूट कांहीं वर्षें टिकली. पुढें त्या टिळकांकडे परत आल्या खऱ्या, पण आपला धर्म घेऊनच. नवऱ्यानें पुस्तक वाचलें एवढ्यानें बायकोचें मन बदलत नाहीं. त्यांनीं १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला तो स्वतःचें समाधान झाल्यावर. हा सारा प्रवास ‘स्मृतिचित्रें’त त्यांनीं इतक्या निर्मळ विनोदानें सांगितला आहे कीं, वाचणाऱ्यास हसूं येतें आणि डोळेही ओले होतात.

टिळक संस्कृतज्ञ होते. बोजड भाषांतराची अडचण त्यांस भासली नसेल. सामान्य वाचकाचें काय? केडगांवच्या मुक्तिसदनांत पंडिता रमाबाईंपुढें हाच प्रश्न होता. त्यांच्याकडील खेड्यांतल्या स्त्रियांस प्रचलित मराठी बायबलांतील संस्कृतप्रचुर शब्द कळत नसत. आणि जें कळत नाहीं तें रोज वाचावें कसें? रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, व सोप्या मराठींत संपूर्ण बायबल उतरविण्याच्या कामांत त्यांनीं अनेक वर्षें घालविलीं. छपाई त्यांच्याच संस्थेंतल्या छापखान्यांत स्त्रियांच्या हातून होत असे. काम हातावेगळें होतें न होतें तोंच ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.

दुसरी वाट ओवीची. गोव्यांत फादर स्टीफन्स यांनीं तिचा लाभ फार आधीं ओळखला होता. पुराणें सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांस त्यांच्या जागीं वाचावयास कांहीं हवें होतें, म्हणून १६१६ सालीं ‘ख्रिस्तपुराण’ छापलें गेलें. तें देवळांतून मोठ्यानें वाचलें जाई आणि लोक जमून ऐकत. टिळकांनींही आयुष्याच्या उत्तरकाळीं ‘ख्रिस्तायन’ ओवीबद्ध करावयास घेतलें. परंतु १९१९ च्या मे महिन्यांत ते वारले, तेव्हां पहिले थोडेच अध्याय लिहून झाले होते. उरलेला बहुतेक ग्रंथ लक्ष्मीबाईंनीं रचला. ज्या पुस्तकानें आपला संसार उधळला असें त्यांस एके काळीं वाटलें होतें, त्यांतलीच कथा त्या म्हातारपणीं ओवीमागून ओवी जुळवीत बसल्या. १९३६ सालीं त्या निवर्तल्या, आणि ‘ख्रिस्तायन’ १९३८ सालीं प्रसिद्ध झालें.