तोळा, मासा आणि बंदुकीची दारू

29 नोव्हेंबर 1803. आज अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात असलेल्या अडगावच्या शिवारात भोसले-शिंद्यांची फौज आणि आर्थर वेलस्लीचं ईस्ट इंडिया कंपनीचं सैन्य समोरासमोर आलं. मराठ्यांच्या तोफा धडाडल्या तशा कंपनीच्या तीन पलटणी पाठ फिरवून पळाल्या. वेलस्लीने स्वतः जाऊन त्यांना पुन्हा रांगेत उभं केलं आणि दिवस मावळेपर्यंत 38 तोफा त्याच्या हाती लागल्या. या लढाईच्या वर्णनांत तोफा आणि घोडदळ भरपूर भेटतात. शिपायाच्या कमरेच्या पेटीतलं कागदी काडतूस मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

कागदाच्या सुरळीत एक गोळी आणि मोजून भरलेली दारू, एवढंच ते काडतूस. शिपायाने टोक दातांनी फोडायचं, चिमूटभर दारू रंजकेसाठी चापाजवळच्या पेल्यात टाकायची, उरलेली नळीत ओतून गोळी गजाने ठासायची. त्या काळच्या इंग्रजी बंदुकीला रंजकेसकट साधारण सहा ड्राम दारू लागे, म्हणजे साडेदहा ग्रॅमच्या आसपास. सोनाराच्या भाषेत सांगायचं तर तोळ्याला एक मासा कमी. हे माप शिपायाने करायचं नव्हतंच, ते दारूखान्यात आधीच झालेलं असे. धुरात, गोंधळात, हात थरथरत असतानाही नळीत तेवढीच दारू जाई.

पण मापात बांधलेली काडतुसं आणि नव्या बंदुका एवढ्यावर सगळं ठरत नव्हतं, हे सोळा दिवसांनी गाविलगडावर दिसलं. अडगावहून निसटलेलं भोसल्यांच्या बेनीसिंगाचं कवायती पायदळ गडावर होतं आणि त्यांच्याजवळ कंपनीच्याच नव्या बंदुका व संगिनी होत्या, असं खुद्द वेलस्लीने कळवलं आहे. कंपनीच्या फौजेतल्या स्टीव्हन्सनने डोंगरातून तोफा ओढत उत्तरेकडे नेल्या, तटाला खिंडार पाडलं, आतल्या तटाला शिड्या लागल्या आणि 15 डिसेंबरला गड पडला. बेनीसिंग लढता लढता मारला गेला.

फौजेबाहेर दारूचं माप माणसाच्या हातातच राहिलं. ठासणीच्या बंदुकीचा शिकारी शिंगड्यातली दारू छोट्या मापात ओतून नळीत सोडी, वर चिंधीचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे. गज आत उतरवल्यावर तो नळीबाहेर किती बोटं उरतो, यावरून बार नीट भरला की नाही ते कळे. आकारमानाचं हे माप काळ्या दारूला चालून जाई, कारण दाणे थोडे कमी-जास्त झाले तरी ती बरंच सोसते. पावसाळी हवेत ओल धरलेल्या दारूला मात्र कोणतंच माप लागू पडत नाही.

गाविलगड ज्या सातपुड्यात आहे, त्याच सातपुड्यात वावरलेल्या एका माणसाने दारूच्या मापावरून बंदुकीची नळीच नव्याने मांडली. मेळघाटाला लागून असलेल्या निमाडात जमाबंदी अधिकारी आणि डेप्युटी कमिशनर राहिलेला जेम्स फॉर्सिथ सातपुड्यावरच्या 1871 च्या पुस्तकामुळे ओळखला जातो, पण त्याआधी त्याने शिकारी रायफलीवर ग्रंथ लिहिला होता. झाडीत सावजाचं अंतर नेमकं जोखता येत नाही. अंदाज चुकला की कमानीने जाणारी जड गोळी वरून तरी जाते, नाही तर खाली पडते. म्हणून त्याला सरळ धावणारी गोळी हवी होती, आणि त्यासाठी दारू जास्त हवी. पण जास्त दारूच्या धक्क्याने शिशाची गोल गोळी नळीतल्या पिळाच्या खाचा सोडून घसरते. फॉर्सिथने पीळच सैल केला. 104 इंचांत एकच वेढा! चौदा बोअरच्या बंदुकीतली 500 ग्रेनची, म्हणजे पावणेतीन तोळ्यांची गोळी मग भारी बारानेही खाचा धरून जाई. आधी दारूचं माप ठरवायचं आणि नळी त्याला जुळवून घ्यायची, या उलट्या विचाराचं मोल शिकारकथांच्या गर्दीत हरवून गेलं आहे.

इकडे फौजेसाठी 1869 मध्ये पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना सुरू झाला. तिथल्या पितळी काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं उमटू लागली. 1888 च्या .303 काडतुसात काळी दारू साधारण सत्तर ग्रेन, म्हणजे पावणेपाच मासे होती. लवकरच बिनधुराचं कॉर्डाइट आलं आणि त्याच काडतुसाला जेमतेम दोन मासे पुरू लागले. बिनधुराच्या दारूत थोडं अधिक पडलं तरी नळीतला दाब झपाट्याने चढतो. तिथे बोटांचा आणि डोळ्यांचा अंदाज कामाचा उरला नाही. 1964 पासून वऱ्हाडच्या सीमेपलीकडे, भुसावळजवळच्या वरणगावच्या कारखान्यात लष्करासाठी काडतुसं तयार होतात.

शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. 1878 च्या शस्त्र कायद्याने बंदूक आणि दारू परवान्याखाली आणली. 1959 च्या कायद्यातल्या तेराव्या कलमात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा आजही नावानिशी उल्लेख आहे. रानडुकरं हुसकावण्यासाठी असा परवाना ज्याच्याकडे आहे, त्याला दारू स्वतःच मोजून भरावी लागते.