‘ॲ’ उशिरा आला
संगणकावरच्या मराठीचं सुरुवातीचं दुखणं फॉन्टचं. प्रत्येकाची सांकेतिक पद्धत निराळी. एका फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की पडद्यावर नुसता गिचमिडकाला.

१९९१ साली सगळ्या लिपींसाठी एकच संकेतपद्धती असावी म्हणून आलेल्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातली देवनागरी ‘इस्की’ या भारतीय संकेतपद्धतीच्या १९८८च्या आराखड्यावर बेतलेली होती. लिपीसाठी १२८ जागांचा पट्टा राखला गेला. तरी ‘ॲ’ राहिलाच! ‘बॅट’ लिहिता येई, कारण ती मात्रा पट्ट्यात होती. ‘ॲप’साठी मात्र ‘अ’वर चंद्र चढवायची कसरत. हिंदीवाल्यांचं ‘ऐ’वर भागत होतं, त्यामुळे त्यांना घाई नव्हती.

अखेर २००८मध्ये, युनिकोड ५.१मध्ये, ‘ॲ’ला स्वतंत्र संकेतांक मिळाला. रोजच्या वापरातल्या स्वराला सतरा वर्षं ताटकळत ठेवणं म्हणजे हलगर्जीपणाच.