सार्वकालिक म्हणजे किती?

आपल्या पुराणांतले नरक कितीही भयंकर असोत, त्यांना मुदत असते. भोग सरले की जीव पुढच्या जन्माला मोकळा. ख्रिस्ती परंपरेने मात्र नरक बहुतांशी कायमचाच मानला. साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यातल्या पापांना कधीच न संपणारी शिक्षा, हा हिशेब मला नेहमीच खटकत आलाय. म्हणूनच फ्रेडरिक डेनिसन मॉरिसची गोष्ट सांगाविशी वाटते.

मत्तयच्या शुभवर्तमानात (२५:४६) दुष्टांची शिक्षा आणि नीतिमानांचं जीवन, दोन्हींना ग्रीकमध्ये एकच विशेषण आहे: 'आयोनिओस'. मराठी बायबलात 'सार्वकालिक'. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने यावरूनच बिनतोड मुद्दा काढला. शिक्षा संपणारी म्हणाल, तर स्वर्गातलं जीवनही संपणारं म्हणावं लागेल!

मॉरिस लंडनच्या किंग्ज कॉलेजात धर्मशास्त्राचा प्राध्यापक. १८५३ साली त्याने लिहिलं की हा शब्द काळाची लांबी सांगतच नाही. देवाला ओळखणं हे सार्वकालिक जीवन. त्याच्यापासून तुटणं ही सार्वकालिक शिक्षा. मग सगळेच तरतील का? तसंही तो म्हणाला नाही. देवाच्या प्रेमाला हद्द घालणारे आपण कोण, एवढंच त्याचं म्हणणं. गंमत म्हणजे 'अखेर सगळे तरतील' या मताचा निषेध करणारं कलम इंग्लंडच्या चर्चने १५५३ मध्ये केलं होतं आणि १५६३ मध्ये स्वतःच गाळलं होतं.

पण नरकाची भीती गेली तर लोक नीतीने का वागतील, ही धास्ती मोठी होती. ग्लॅडस्टनने घाई नको म्हणून पाहिलं, पण उपयोग झाला नाही. मॉरिसची प्राध्यापकी गेली. पुढच्याच वर्षी त्याने लंडनमध्ये कामगारांसाठी कॉलेज काढलं.

१८६४ मध्ये हेन्री ब्रिस्टो विल्सन या धर्मगुरूच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला: शिक्षेला कधीतरी अंत असेल अशी आशा बाळगणं हा धर्मगुरूसाठी गुन्हा नाही. त्याविरुद्ध सुमारे ११,००० धर्मगुरूंनी सह्या केल्या! तेव्हा वाद मिटला असं नाहीच. तो आजही चालू आहे.

मला मॉरिस आवडतो तो एका गोष्टीसाठी. नरक नाही असं म्हणून तो मोकळा झाला नाही. देवापासून, माणसांपासून तुटून जगणं हाच नरक असेल, तर त्यासाठी मरायची वाट कशाला पाहायची? आणि तिथून परत यायची वाट कायमची बंद आहे, हे कोणी कोणाच्या वतीने ठरवायचं?

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.