४१६४१६ : सांगलीच्या पिन कोडमधले गणित

४१६४१६ हा सांगली शहराच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन कोड. तो पाठ करायला कष्ट पडत नाहीत, ४१६ दोनदा लिहिले की झाले. ही पुनरुक्तीच या संख्येच्या बहुतेक गुणधर्मांच्या मुळाशी आहे.

भारतात पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची आखणी टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचा विभाग सांगतात आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष वाटप करणारे कार्यालय. हा विभाग महसुली जिल्ह्याशी जुळतोच असे नाही. ४१६ मध्ये कोल्हापूरही येते, तर सांगली जिल्ह्यातल्याच इस्लामपूरचा कोड ४१५ ने सुरू होतो. सांगलीच्या वाट्याला शेवटीही ४१६ आले, हा गणिताच्या दृष्टीने निव्वळ योगायोग.

तीन अंकी संख्या दोनदा लिहिणे म्हणजे तिला १००१ ने गुणणे: ४१६ × १००० + ४१६ = ४१६ × १००१. आता १००१ = ७ × ११ × १३. त्यामुळे अशा प्रत्येक संख्येला ७, ११ आणि १३ ने निःशेष भाग जातोच. ४१६४१६ ला ७ ने भागले की ५९४८८, त्याला ११ ने भागले की ५४०८, त्याला १३ ने भागले की पुन्हा ४१६. शाळेतली ‘मनातली संख्या ओळखा’ ही गंमत यावरच चालते.

शिवाय ४१६ = ३२ × १३, म्हणजे १३ हा अवयव दोनदा येतो. पूर्ण अवयव असे: २⁵ × ७ × ११ × १३². यावरून विभाजकांची संख्या ६ × २ × २ × ३ = ७२.

शेजारच्या साताऱ्याचा ४१५००१ मात्र अगदी उलट स्वभावाचा. २, ३, ५, ७ असे करत १११ मूळ संख्यांनी भागून पाहिले तरी बाकी उरतेच. इथवर कोणीही तिला मूळ संख्या समजून सोडून देईल. पण ती मूळ नाही, आणि हे एका ओळीत दाखवता येते. सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा यांची युक्ती अशी, की संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडायची. ४१५००१ चे वर्गमूळ ६४४ हून किंचित जास्त, म्हणून ६४५ घ्यायचे. ६४५ चा वर्ग ४१६०२५. त्यातून ४१५००१ वजा केले की उरतात १०२४, म्हणजे ३२ चा वर्ग. पहिल्याच फटक्यात काम झाले:

४१५००१ = (६४५ − ३२) × (६४५ + ३२) = ६१३ × ६७७

६१३ आणि ६७७ दोन्ही मूळ. त्यामुळे साताऱ्याच्या कोडला विभाजक फक्त चार: १, ६१३, ६७७ आणि ती संख्या स्वतः.

युक्ती इतक्या लवकर लागू पडली, कारण दोन्ही अवयव एकमेकांच्या जवळ आहेत. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या आरएसए पद्धतीत (१९७७) नेमका हाच धोका असतो. तिथे दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार उघड असतो, अवयव गुप्त. ते जवळजवळचे निवडले गेले तर संख्या शेकडो अंकी असली तरी कुलूप फर्माच्या युक्तीने उघडते. २०२२ मध्ये काही प्रिंटरमधल्या चाव्या अशाच कच्च्या निघाल्या.