बंदुकीच्या गोळीइतका वेगवान? मॅन्टिस श्रिम्पचा ठोसा नेमका कसा चालतो

ती रील तुम्हीही पाहिली असेल. मोराच्या पिसासारखा रंगीबेरंगी एक समुद्री प्राणी, त्याच्यासमोर एक शिंपला, मग 'टक्' असा आवाज आणि शिंपल्याचे तुकडे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की याचा ठोसा बंदुकीच्या गोळीच्या वेगाने बसतो, पाणी उकळतं आणि सूर्याइतकी उष्णता तयार होते. माझ्या मावसभावाने मला ती फॉरवर्ड केली आणि खाली विचारलं, "दादा, हे खरंय का रे?" मी न बघताच "काहीतरीच!" असं उत्तर टाकलं. नंतर मूळ शोधनिबंध वाचायला बसलो, तेव्हा कळलं की रील चुकीची आहेच, पण माझं "काहीतरीच"सुद्धा तितकंच चुकीचं होतं. म्हणून हा लेख.

आधी हा प्राणी कोण ते बघू

नावात श्रिम्प असलं तरी ही कोळंबी नाही. कोळंबी आणि खेकडा यांच्यासारखाच हा कवचधारी प्राणी, पण याचा गट वेगळा, स्टोमॅटोपॉड नावाचा. या गटात 450 पेक्षा जास्त जाती आहेत. पुढचे दोन मोठे पाय प्रार्थना कीटकासारखे छातीशी दुमडून बसतो, म्हणून मॅन्टिस.

शिकारीच्या पद्धतीवरून यांचे ढोबळ दोन प्रकार पडतात. एक भालेवाले. यांच्या पायाला काटेरी टोकं असतात. वाळूतल्या बिळात दबा धरून बसायचं आणि जवळून जाणारा मासा भोसकायचा. दुसरे हातोडेवाले. यांच्या पायाचं शेवटचं पेर तळाशी फुगीर आणि कडक असतं, आणि त्याने ते गोगलगाय, खेकडा, शिंपला असलं काहीही फोडून खातात. रीलमधला रंगीत हिरो या दुसऱ्या प्रकारातला. त्याला पीकॉक मॅन्टिस श्रिम्प म्हणतात, शास्त्रीय नाव ओडोन्टोडॅक्टिलस सायलारस. हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या प्रवाळ असलेल्या भागांत तो राहतो.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात जो ढिगाने येतो तो स्क्विला भालेवाल्यांपैकी. आपल्याकडे त्याला फारशी किंमत नाही, बराचसा वाळवून खाद्यासाठी किंवा खतासाठी जातो. जपानमध्ये मात्र त्याचाच एक भाऊबंद सुशीवर ठेवून आवडीने खातात. भालेवाले दिसायला जास्त खतरनाक वाटतात, पण वेगात हातोडेवाल्यांच्या खूप मागे आहेत. 2012 मध्ये मोजलेल्या एका मोठ्या भालेवाल्या जातीचा वेग सेकंदाला जेमतेम 2.3 मीटर निघाला. मऊ मासा पकडायला तेवढा पुरतो.

तुमच्या फोनला हा ठोसा का दिसत नाही

2004 साली शीला पटेक, वायट कॉर्फ आणि रॉय कॉल्डवेल या बर्कलीच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये पीकॉक मॅन्टिस श्रिम्पच्या ठोशाचे आकडे छापले. त्याआधी अडचण अशी होती की त्यांच्याकडच्या कॅमेऱ्यांत तो ठोसा नीट सापडतच नव्हता. मग बीबीसीच्या चित्रीकरणाच्या निमित्ताने एक हाय-स्पीड कॅमेरा हाताशी आला आणि सेकंदाला 5000 फ्रेमपर्यंत चित्रण करता आलं. त्यात ठोशाचा सर्वाधिक वेग सेकंदाला 14 ते 23 मीटर निघाला, आणि पूर्ण ठोसा सरासरी 2.7 मिलिसेकंदांत संपत होता.

2.7 मिलिसेकंद म्हणजे किती कमी हे फोनवरून समजून घ्या. साधा व्हिडिओ सेकंदाला 30 फ्रेमचा असतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये 33 मिलिसेकंदांचं अंतर. तेवढ्यात असे बारा ठोसे मावतील. बऱ्याच फोनच्या स्लो-मोमध्ये 240 फ्रेम असतात. तिथेही दोन फ्रेममध्ये 4 मिलिसेकंदांहून जास्त वेळ जातो. याचा अर्थ एका फ्रेममध्ये पाय दुमडलेला असेल आणि पुढच्या फ्रेममध्ये शिंपला फुटलेला. मधलं सगळं गायब! 960 फ्रेमवाला फोन असेल तर दोन-तीन फ्रेम मिळतील, तेही पाण्यात लख्ख उजेड असेल तर. 5000 फ्रेमच्या कॅमेऱ्यात मात्र तेरा-चौदा मिळतात, आणि त्यावरून वेग काढता येतो. त्यामुळे एखाद्या रीलमध्ये पाय सावकाश पुढे जाताना दिसला, तर ते चित्रण साध्या फोनचं नाही एवढं पक्कं.

मग गोळीची भानगड काय

सेकंदाला 23 मीटर म्हणजे ताशी साधारण 83 किलोमीटर. हायवेवरची बाईक. पॉइंट 22 ची साधी गोळी सेकंदाला 330 मीटरच्या आसपास जाते, म्हणजे जवळजवळ चौदापट जास्त. तेव्हा 'गोळीचा वेग' हे सरळ सरळ चूक.

पण ही अफवा हवेतून आलेली नाही. त्याच निबंधात दुसरा एक आकडा आहे, त्वरणाचा. वेग म्हणजे किती जोरात चाललोय, आणि त्वरण म्हणजे तो वेग किती झटक्यात वाढतोय. मॅन्टिस श्रिम्पच्या पायाचं सर्वाधिक त्वरण 65,000 ते 1,04,000 मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं मोजलं गेलं. गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट म्हणा.

आता गोळीचं काढू. नववी-दहावीतलं सूत्र आठवतंय ना, v² = 2as? बंदुकीची नळी अर्धा मीटर धरली आणि गोळी 330 मीटर वेगाने बाहेर पडली, तर 330 चा वर्ग भागिले 1. उत्तर साधारण 1,09,000. हे सरासरी त्वरण आहे आणि श्रिम्पचं सर्वोच्च, त्यामुळे तुलना अगदी काटेकोर नाही, पण दोन्ही आकडे एकाच पंक्तीत बसतात. बाईकच्या वेगाला गोळीचं त्वरण! फरक पडतो तो अंतराचा. गोळीला ढकलायला अर्धा मीटर नळी मिळते. इथे, पूर्ण त्वरण कायम राहिलं असं धरलं, तर 23 मीटरचा वेग गाठायला अडीच मिलिमीटर पुरतात. मावसभावाला मी हेच गणित पाठवलं. त्याने फक्त 👍 टाकला, पण असो.

स्नायू एवढा वेगवान असूच शकत नाही

खरी गंमत इथे आहे. कुठलाही स्नायू एवढ्या कमी वेळात एवढी ऊर्जा देऊ शकत नाही. निबंधातल्या हिशेबाप्रमाणे या ठोशाला एक किलो स्नायूमागे किमान 4.7 लाख वॅट शक्ती लागते. वेगवानातला वेगवान स्नायूही याच्या जवळपास फिरकत नाही. मग ही शक्ती येते कुठून?

कॅरम खेळताना स्ट्रायकर कसा मारता ते आठवा. बोट अंगठ्याला अडकवता, बोटाचा स्नायू ताणता आणि मग अंगठा सोडता. टिचकी! आता अंगठ्याला न अडकवता नुसतं बोट झटकून स्ट्रायकर मारून बघा. तोच स्नायू, तेच बोट, पण स्ट्रायकर अर्ध्या बोर्डापर्यंतही जाणार नाही. अंगठा ऊर्जा देत नाही, तो फक्त अडवून धरतो. स्नायूला ताण साठवायला वेळ मिळतो, आणि तो ताण एकदम सुटतो.

मॅन्टिस श्रिम्पच्या पायात अशीच एक कडी आहे. आधी एक स्नायू पाय घट्ट दुमडून धरतो आणि त्याच्या कंडऱ्यांवरचे कडक तुकडे खाचेत अडकतात. मग दुसरा, दणकट पण संथ स्नायू सावकाश आकुंचन पावतो. पाय हलत नाही, कारण कडी लागलेली असते. तो सगळा जोर पायाच्या वरच्या भागातल्या कवचात साठत जातो. तिथे घोड्याच्या खोगिरासारखा, एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली वळलेला एक तुकडा आहे, आणि शेजारी इंग्रजी V च्या आकाराची कडक पट्टी. दोन्ही मिळून स्प्रिंग होते. कडी सुटली की स्प्रिंग उलगडते आणि हातोडा सुटतो.

थोडक्यात, ऊर्जा तेवढीच, फक्त ती द्यायचा वेळ शेकडो पटीने कमी केला. मला व्यक्तिशः या प्राण्याबद्दलची सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते, रंग आणि डोळे वगैरे नंतर.

हे कळलं तरी यंत्रात उतरवणं सोपं नव्हतं. 2021 मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट वुड यांच्या गटाने पटेक यांच्यासोबत काम करून दीड ग्रॅम वजनाचा एक रोबो बनवला. हवेत त्याचा हात सेकंदाला 26 मीटर गेला. पाण्यात मात्र तो 5 मीटरवर आला. पाणी हवेपेक्षा जवळजवळ आठशे पट घन असतं, आणि श्रिम्प आपले आकडे पाण्यात काढतो हे विसरू नका.

पाणी उकळतं म्हणजे काय

पाय इतक्या जोरात आदळून मागे येतो तेव्हा मधल्या पाण्याचा दाब एकदम पडतो. दाब कमी झाला की पाणी कमी तापमानालाही वाफ होतं. उंच डोंगरावर भात नीट शिजत नाही, कारण तिथे पाणी 100 अंशांच्या आधीच उकळतं. तोच प्रकार, फक्त टोकाचा. इथे तापवायची गरजच नाही, साध्या पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. हे बुडबुडे टिकत नाहीत. आजूबाजूचा दाब त्यांना चिरडतो आणि त्या कोसळण्याचा वेगळा तडाखा बसतो. जहाजांच्या पंख्यांचं पोलाद याच प्रकाराने खड्डे पडून झिजतं.

2005 मध्ये पटेक आणि कॉल्डवेल यांनी हे बल मोजलं. प्रत्येक ठोशाला आलेखात दोन शिखरं दिसली. पहिलं पाय आदळल्याचं, सुमारे 1500 न्यूटनपर्यंत, म्हणजे दीडशे किलो वजन ठेवल्यासारखं. दुसरं अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत, बुडबुड्यांचं, सुमारे 500 न्यूटनपर्यंत. दोन्ही पाय वापरले तर बिचाऱ्या गोगलगायीला एका हल्ल्यात चार तडाखे.

सूर्याच्या उष्णतेचं प्रकरण दुसऱ्याच प्राण्याचं आहे. पिस्तूल श्रिम्प नावाची एक वेगळी कोळंबी नांगी मिटून बुडबुडा सोडते. त्या बुडबुड्याच्या आत किमान 5000 केल्विन तापमान होत असल्याचा अंदाज 2001 मध्ये छापून आला. तेही निमिषमात्र, इवल्याशा जागेत. रीलवाल्यांनी दोन प्राण्यांची एकच गोष्ट करून टाकली.

हातोडा फुटत का नाही

समोरच्यावर 1500 न्यूटन बल पडतं, तर तेवढंच उलट हातोड्यावरही पडतं. न्यूटनचा तिसरा नियम काही श्रिम्पला सूट देत नाही. असे हजारो ठोसे मारूनही तो टिकतो, आणि मटेरियलवाल्या इंजिनिअरांचं लक्ष यानेच वेधलं.

2012 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइडमधले डेव्हिड किसायलस आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये हातोड्याची आतली रचना दाखवली. बाहेरचा थर हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटचा, म्हणजे आपल्या दातांवरच्या कडक थरात असतं तेच खनिज. त्याच्या आत कायटिनच्या तंतूंचे थर प्लायवूडसारखे एकावर एक असतात, पण प्रत्येक थर आधीच्यापेक्षा किंचित फिरवलेला. जिन्याच्या गोल पायऱ्या वरून पाहिल्यात तर दिसतात तसं. भेग पडतेच, पण तिला सरळ मार्ग मिळत नाही. तंतूंच्या मागे वळत वळत जाताना तिचा जोर संपतो. हीच रचना कार्बन फायबरमध्ये करून पाहिली, तेव्हा आघाताने होणारं नुकसान नेहमीच्या मांडणीपेक्षा कमी निघालं.

फेब्रुवारी 2025 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या होरासिओ एस्पिनोसा यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. हे फिरते थर धक्क्यातल्या जास्त वारंवारितेच्या लहरी गाळून टाकतात. बुडबुडे कोसळताना तसल्याच लहरी निघतात, आणि त्या आतल्या मऊ भागापर्यंत पोचल्या तर घातक ठरतील.

तरीही हातोडा झिजतो. उपाय एकच, कात टाकायची. ठरावीक काळाने मॅन्टिस श्रिम्प सगळं कवच सोडतो आणि नवं येतं, हातोड्यासकट. पण नवं कवच सुरुवातीला मऊ असतं. त्या दिवसांत ठोसा मारला तर स्वतःचंच नुकसान होईल, आणि बीळ बळकवायला शेजारी टपलेले असतात. 1983 मध्ये स्टेगर आणि कॉल्डवेल यांनी नोंदवलं की अशा वेळी काही श्रिम्प बिळाच्या तोंडाशी येऊन पुढचे पाय पसरतात आणि धमकी देतात, जणू आत्ता ठोसा बसणार. मारायची ताकद नसते. समोरचा बरेचदा निघून जातो.