पगडी, जोडा आणि कचेरी

कचेरींत जातांना अंगावर काय असावें, हा प्रश्न आज घरोघर आरशापुढें उभें राहून सोडविला जातो. दीडशें वर्षांपूर्वीं तो आरशापुढें सुटत नसे. तो सरकारी ठरावांत, न्यायाधीशाच्या हुकुमांत, आणि पुष्कळदां दाराशीं उभ्या असलेल्या चपराशाच्या तोंडीं सुटत असे. त्याचें उत्तर चुकलें तर नोकरी किंवा अब्रू, आणि कधीं कधीं दोन्ही, पणाला लागत.

इंग्रजी अंमलापूर्वींची महाराष्ट्रांतील कचेरी म्हणजे बैठक होती. पेशव्यांच्या फडावर चिटणीस व कारकून जाजमावर मांडी घालून बसत आणि बोरूनें लिहीत. अशा जागीं जोडे बाहेर काढून येणें हा मानापमानाचा विषयच नव्हता; ज्या जाजमावर बसावयाचें त्यावर रस्त्यावरची धूळ कोण नेणार? डोकें मात्र झाकलेलें पाहिजे. बोडक्या डोक्यानें वडीलधाऱ्यांपुढें किंवा धन्यापुढें जाणें हें अमंगल, सुतकाची आठवण करून देणारें. पाय उघडे आणि मस्तक झाकलेलें, हें या देशांतील मर्यादेचें व्याकरण होतें. इंग्रजांचें व्याकरण नेमकें उलटें. आदर दाखवावयाचा तर हॅट काढावी. बूट काढून चारचौघांत येणें म्हणजे अर्धवट कपड्यांत येणें.

पुढें इंग्रजांनीं कचेरींत टेबल-खुर्ची आणली. माणसें जमिनीवरून उठून खुर्चीवर बसलीं, आणि त्याबरोबर जोडे काढण्याचें मूळ कारण नाहींसें झालें. जाजम गेलें, पण जोडे काढण्याचा दंडक राहिला. सारी गोम येथें आहे. जी गोष्ट सोयीची होती ती आतां केवळ खूण उरली, आणि खूण कोणीं कोणापुढें दाखवावयाची यावर भांडण सुरू झालें.

कंपनीच्या अधिकाऱ्यांनीं देशी माणसाकडून देशी रीतीचा आदर मागितला. स्वतः त्या रीतीनें वागण्याचें मात्र त्यांना कारण दिसेना. अठराव्या शतकांत कित्येक इंग्रज घरीं हौसेनें देशी पोशाख वापरीत. १८३० सालीं कंपनीनें आपल्या नोकरांस सार्वजनिक प्रसंगीं तो करण्याची मनाई केली. साहेबानें साहेबासारखें दिसावें आणि देशी माणसानें देशी माणसासारखें, अशी ही वाटणी होती. ती मोडली इंग्रजी शिकलेल्या पिढीनें. मुंबईचा पारशी शेटिया आणि कलकत्त्याचा बाबू पायांत विलायती बूट-मोजे घालूं लागले. बूट हा कांहीं उंबऱ्याशीं झटकन् सोडून ठेवण्याचा जोडा नव्हे. त्याला नाड्या असतात, आंत मोजा असतो. तो काढावयास लावणें म्हणजे इंग्रजी मर्यादेप्रमाणें त्या गृहस्थाची फजिती करणें होय, आणि हें साहेबाला पक्कें ठाऊक होतें.

१८५४ सालीं गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलनें बंगालपुरती सवलत दिली कीं, विलायती बूट-मोजे घालणाऱ्या देशी गृहस्थांस सरकारी व निमसरकारी समारंभांस ते पायांत ठेवून येण्यास हरकत नाहीं. इतरत्र कुरबूर चालूच राहिली. १८६२ सालीं सुरतेच्या फौजदारी अदालतींत मानकजी कावसजी एन्टी नांवाचे पारशी गृहस्थ असेसर म्हणून गेले असतां जोड्यांवरून त्यांना अडविण्यांत आलें. असेसर म्हणजे न्यायाधीशाला सल्ला देण्यासाठीं बोलाविलेला प्रतिष्ठित नागरिक. ज्याचा सल्ला न्यायासनाला हवा, त्याचे बूट मात्र नकोत! अखेरीस सर जॉन लॉरेन्स यांच्या कारकिर्दींत, १८६८ सालीं, ती सवलत बंगालबाहेरही लागू झाली: विलायती बूट घालणारानें ते दरबारांत पायांत ठेवावे, देशी जोडा घालणारानें तो रिवाजाप्रमाणें काढावा.

वरवर पाहतां हा ठराव उदार दिसतो. परंतु त्याचा अर्थ उलगडून पाहावा. माणूस तोच, विद्वत्ता तीच, हुद्दा तोच. विलायती बूट घातला तर ताठ मानेनें आंत जावें, आणि देशी जोडा घातला तर अनवाणी जावें. सरकारनें कोणावर सक्ति केली नाहीं. नुसती किंमत ठरवून दिली, आणि ती ज्याची त्यानें निमूटपणें मोजली.

ती मोजण्याचें ज्यांनीं नाकारलें त्यांत ईश्वरचंद्र विद्यासागर हे अग्रगण्य होत. संस्कृत कॉलेजचे प्रिन्सिपॉल, विधवाविवाहाच्या कायद्यासाठीं झगडलेले आणि लाटसाहेबांच्या परिचयाचे हे पंडित जन्मभर जाडेंभरडें धोतर, चादर आणि पायांत तालतला भागांतली साधी चटी एवढ्यावर वावरले. २८ जानेवारी १८७४ रोजीं ते कलकत्त्याच्या संग्रहालयांत गेले. एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालयही त्या काळीं त्याच इमारतींत होतें. इंग्रजी पोशाख केलेल्या सोबत्यांना अडथळा झाला नाहीं. विद्यासागरांना मात्र दारावर सांगण्यांत आलें कीं, चटी काढून ठेवा किंवा हातांत घ्या. ते आल्या पावलीं परतले आणि त्यांनीं अधिकाऱ्यांस पत्र लिहून ह्या भेदाचा जाब विचारला. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलें. त्यांच्या प्रश्नांत जें तर्कशास्त्र होतें त्याला उत्तर नव्हतें: जाजमाच्या बैठकीवर चटी काढणें ही रीत खरी, पण जेथें सर्व जण बूट घालून हिंडतात तेथें ती कसली रीत?

योगायोग असा कीं, त्याच सुमारास हाच सवाल शेजारच्या ब्रह्मदेशांत उलट्या बाजूनें उभा राहिला. मंडालेच्या राजवाड्यांत मिंडोन राजापुढें जातांना इंग्रज वकिलाला बूट काढून जमिनीवर बसावें लागे. १८७५ सालच्या फोर्सिथ यांच्या वकिलातीनंतर हिंदुस्थान सरकारनें ठरविलें कीं, यापुढें आपला प्रतिनिधि बूट काढणार नाहीं. राजानें रिवाज सोडला नाहीं, आणि इंग्रज वकिलाला राजदर्शन मिळेनासें झालें. कलकत्त्यांत जो देशी रिवाज देशी माणसाकडून काटेकोरपणें पाळून घेतला जात होता, तोच रिवाज मंडालेंत साहेबाच्या पायांना अपमानकारक झाला. इतकी स्पष्ट साक्ष इतिहासांत क्वचित् मिळते.

ह्या ओढाताणींतून मुंबई-पुण्याच्या कचेरींतला तो प्रसिद्ध मिश्र पोशाख जन्माला आला: खालीं पांढरें धोतर, वर गळ्यापर्यंत बटणें लावलेला कोट, खांद्यावर उपरणें, डोक्यावर पगडी, पायांत मोजे आणि बूट. इंग्रज त्याला हंसले आणि घरचे सनातनीही हंसले. पण हा पोशाख गोंधळलेल्या माणसाचा नव्हता. त्यांतल्या प्रत्येक वस्तूनें एकेका प्रश्नाचें उत्तर दिलेलें होतें. बूट होता म्हणून दारावर कोणी अडवीत नसे. पगडी होती म्हणून हॅटप्रमाणें ती साहेबापुढें उतरवावी लागत नसे, आणि घरच्या वडिलांपुढेंही मान राहत असे. कोटानें साहेबाचें समाधान होई. धोतर तेवढें स्वतःसाठीं राहिलें. संध्याकाळीं घरीं आल्यावर कोट खुंटीवर जाई, हातपाय धुतले जात, आणि सोवळ्याच्या घरांत कचेरीचे कपडे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआंत येत नसत. एका देहावर दोन राज्यें सुखानें नांदविण्याची ही युक्ति होती, आणि तिच्यांत जें शहाणपण आहे तें तिला हंसणारांना सहसा दिसलें नाहीं.

पगडी घालून माणूस किती उंच जाऊं शकतो हेंही ह्याच काळानें दाखविलें. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८९ सालीं आणि त्यांच्या निधनानंतर महादेव गोविंद रानडे १८९३ सालीं मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले. रानड्यांचें जें चित्र घरोघर परिचित आहे त्यांत मस्तकावर पगडी आहे. गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेकौन्सिलांत अर्थसंकल्पाची चिरफाड करीत तेंही पगडी घालूनच. लोकमान्य टिळकांच्या पायांत मात्र लाल पुणेरी जोडा राही. पण ज्याला कोणाची नोकरी करावयाची नाहीं त्याला हें स्वातंत्र्य परवडतें, हेंही विसरून चालणार नाहीं.

समुद्रापलीकडे पगडीचें हें संरक्षण नव्हतें. मे १८९३ मध्यें मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेंतील डर्बनच्या कोर्टांत फ्रॉक कोट आणि बंगाली धर्तीची पगडी घालून बसले असतां मॅजिस्ट्रेटनें त्यांना पगडी उतरविण्यास सांगितलें. ते उठून बाहेर गेले. यापुढें हॅटच घालावी असें त्यांच्या मनांत आलें होतें. परंतु अब्दुल्ला शेट म्हणाले कीं, हॅट घातलीत तर लोक तुम्हांला वेटर समजतील. पुढच्याच वर्षीं नाताळच्या वरिष्ठ न्यायालयांत वकील म्हणून शपथ झाल्यावर मुख्य न्यायाधीशांनीं कोर्टाच्या नियमाप्रमाणें पगडी काढावयास सांगितलें, तेव्हां त्यांनीं ती काढली. शक्ति मोठ्या लढ्यांसाठीं राखून ठेवावी, असा त्यांचा विचार होता. मित्रांना तें रुचलें नाहीं. पगडीसाठीं एकदां बाहेर पडणें आणि एकदां ती उतरवून आंत राहणें, ह्या दोन निर्णयांत विसंगति शोधणाऱ्यानें पोटासाठीं कचेरींत जाणाऱ्या माणसाची अडचण जाणलेली नाहीं.

आतांपर्यंत आलेली सारी मंडळी अशी कीं, त्यांना सोडून देण्यासाठीं निदान एक प्रतिष्ठित पोशाख होता. ज्यांना तोही नव्हता त्यांचा हिशेब निराळा. २ मार्च १८८८ रोजीं ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरि रावजी चिपळूणकर यांनीं पुण्यास मेजवानी दिली. तेथें जोतीराव फुले गरीब शेतकऱ्याच्या वेषांत गेले आणि राणीच्या मुलाला त्यांनीं सांगितलें कीं, येथें दिसणारे हे नटलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. उलट डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ सालीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर गेले ते उत्तम शिवलेल्या विलायती सुटांत. दोघांचा अर्थ एकच होता. ज्या समाजाला चांगलें वस्त्र अंगावर घालण्याचीही बंदी भोगावी लागली, त्यानें नीटनेटका सूट घालणें ही साहेबाची नक्कल नव्हे. महाडास डिसेंबर १९२७ मध्यें आंबेडकरांनीं स्त्रियांस सांगितलें कीं, जातीची खूण पटविणारी लुगडें नेसण्याची तऱ्हा आणि जड दागिने टाकून द्या. आणि दुसऱ्याच दिवशीं पुष्कळ स्त्रिया पायघोळ लुगडें नेसून आल्या.

बहुतेक स्त्रियांना कचेरी फार उशिरां भेटली; पण बाहेर पडण्याजोगें वस्त्र कोणतें हा शोध त्यांनीं आधींच लावून ठेवला होता. पहिले हिंदी सिव्हिलियन सत्येंद्रनाथ टागोर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ सालीं मुंबईस आल्या, आणि पारशी स्त्रियांची नेसण्याची पद्धत पाहून तिच्या आधारें बसविलेली तऱ्हा त्यांनीं बंगालांत नेली. आज कचेरींत दिसणाऱ्या पांचवारी साडीच्या पूर्वजांत तिची गणना करावी लागेल.

१९२० नंतर भांडण पायांवरून पुन्हां डोक्यावर चढलें. खादीची पांढरी टोपी ही राजद्रोहाची निशाणी मानून कित्येक कचेऱ्यांत व कोर्टांत तिला मज्जाव झाला. १९४७ नंतर टोपी मंत्र्यांच्या डोक्यावर बसली, आणि कारकुनाच्या डोक्यावरून पगडी, टोपी, सर्वच हळूहळू उतरलें. बोडकें डोकें अमंगल राहिलें नाहीं. दारावरचा प्रश्न मात्र मिटला नाहीं. २०१४ सालीं तमिळनाडूंत मद्रास हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींस वेष्टि म्हणजे धोतर नेसल्याबद्दल एका क्लबांत प्रवेश नाकारण्यांत आला, आणि त्या राज्याच्या विधानसभेला त्याच वर्षीं अशी बंदी दूर करणारा कायदा करावा लागला. महाराष्ट्र शासनानें ८ डिसेंबर २०२० रोजीं आपल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाविषयीं परिपत्रक काढलें. त्यांत भडक नक्षीचे कपडे टाळावे, जीन्स व टी-शर्ट वापरूं नये, आठवड्यांतून एकदां शुक्रवारीं खादी घालावी असें सांगितलें होतें. आणि पायांत स्लिपर घालून कार्यालयांत येऊं नये, हेंही त्यांत होतेंच.