पेटी कुणाकडे, किल्ली कुणाकडे?

आपल्या बचत गटात एक जुना नियम आहे. पैशांची पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडे आणि हिशोबाची वही तिसरीकडे. कुणावर अविश्वास म्हणून नाही, तर एका घरी अडचण आली तरी गट अडू नये म्हणून. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत, तो याच नियमाचा आहे.

मागच्या बैठकीत एकीने विचारलं, "मालिका क्लाउडवर असते म्हणतात. मग ती मध्येच बंद कशी पडते?" क्लाउड म्हणजे ढग. पण खरं तर त्या जमिनीवरच्या मोठमोठ्या इमारती आहेत. आत हजारो संगणक रात्रंदिवस चालतात आणि ते तापू नयेत म्हणून थंडही ठेवावे लागतात. ॲमेझॉन कंपनीने २००६ साली असे संगणक आणि साठवणीची जागा भाड्याने द्यायला सुरुवात केली.

त्या काळी नेटफ्लिक्स ही कंपनी अमेरिकेत टपालाने सिनेमाच्या डीव्हीडी घरपोच पाठवायची. २००७ मध्ये तिने इंटरनेटवरून सिनेमे दाखवायला घेतले. ऑगस्ट २००८ मध्ये तिच्या स्वतःच्या संगणकांतला माहितीसाठा बिघडला आणि तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. सगळं धान्य एकाच कणगीत ठेवल्याचा तो फटका होता. तेव्हा कंपनीने ठरवलं, स्वतःची यंत्रं सांभाळायची नाहीत, ॲमेझॉनची भाड्याने घ्यायची. हे बिऱ्हाड हलवायला सात वर्षं लागली. ते काम जानेवारी २०१६ मध्ये पुरं झालं.

गंमत बघा, ॲमेझॉन स्वतःही सिनेमे दाखवते. म्हणजे ज्याच्या गाळ्यात आपण पापड ठेवायचे, तोही पापडच विकतो!

२४ डिसेंबर २०१२, नाताळची आदली रात्र. घरोघरी माणसं जमलेली. ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या एका केंद्रात देखभालीच्या कामात चुकून महत्त्वाची माहिती पुसली गेली आणि अनेकांच्या टीव्हीवर नेटफ्लिक्स बंद पडलं. ते पूर्ववत व्हायला दुसरा दिवस उजाडला. ॲमेझॉनने माफी मागितली. चूक घरमालकाची, पण खोळंबा भाडेकरूच्या गिऱ्हाइकांचा झाला.

नेटफ्लिक्सने घर सोडलं नाही, पण रीत बदलली. पुढच्या वर्षभरात एक केंद्र पडलं तर दुसऱ्यावरून काम चालेल अशी सोय केली. त्याआधीच त्यांनी एक प्रोग्राम बनवला होता, त्याचं नाव 'केऑस मंकी', म्हणजे गोंधळ घालणारं माकड. तो चालू यंत्रांपैकी एखादं मुद्दाम बंद पाडतो, म्हणजे संकटाची सवय आधीच होते. सिनेमे साठवणारी स्वतःची यंत्रंही त्यांनी २०१२ पासून गावोगावच्या इंटरनेट कंपन्यांकडे ठेवायला सुरुवात केली. आज चित्र त्या यंत्रांतून येतं. पण आपलं खातं उघडणं, सिनेमा शोधणं ही कामं ॲमेझॉनच्या संगणकांवर होतात. जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये ॲमेझॉनने मुंबईत आपलं केंद्र सुरू केलं.

एवढ्या मोठ्या कंपनीला जे उमगलं, ते आपल्यालाही लागू आहे. आमच्या एका गटाने मसाल्याच्या पाककृतींचे व्हिडिओ एका सेवेवर ठेवले आणि जागा हवी म्हणून फोनमधून पुसले. नंतर खातं सांभाळणाऱ्या ताईचा नंबर बदलला आणि खातं उघडेना. ज्या आजींनी तो मसाला शिकवला त्या आता नाहीत. त्यांचा आवाज त्या कुलुपाआड राहिला.

भाड्याची जागा वाईट नसते. पण तिथे ठेवलेल्या वस्तूची एक प्रत आपल्या घरीही हवी. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एक पेनड्राइव्ह आणावा आणि खात्याची माहिती दोघींनी वहीत लिहून ठेवावी. पेटी कुठेही असो, किल्ली आपल्याकडेच हवी.